कोन संपले तेव्हा: एका मेंदीच्या ऑर्डरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही घटना पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातली. मी अठरा वर्षं मेंदी काढते आणि शिकवते. या प्रकरणातली मुख्य कलाकार माझीच जुनी विद्यार्थिनी. सगळ्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. नावं, गाव आणि कार्यालय मुद्दाम काढून टाकलं आहे. कलाकाराला इथे ‘ताई’ म्हणते, कारण तिच्या हाताखालची मुलगी तिला तसंच म्हणते.

ताईचं काम स्वच्छ. राजस्थानात पाली जिल्ह्यात सोजत आहे, जिथल्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथली पावडर ती मागवते आणि ती वस्त्रगाळ करून घेते. लिंबाचा रस, साखर आणि निलगिरी तेल घालून भिजवते, झाकून ठेवते. वरच्या थराला तांबूस-तपकिरी झाक आली की रंग सुटला असं समजून कोन भरते आणि लगेच फ्रीजरमध्ये टाकते. बाहेर राहिले तर हे कोन उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत निकामी होतात, रंग देत नाहीत. म्हणून ऑर्डरला जाताना तिच्याकडे बर्फाचा डबा असतो.

तिच्या कार्डावर छापलेलं होतं: ‘100% ऑरगॅनिक, केमिकल-फ्री मेहंदी. गॅरंटीड डार्क कलर.’ या ओळीवर आपल्याला पुन्हा यायचं आहे.

ऑर्डर मे महिन्यातल्या लग्नाची. शुक्रवारी संध्याकाळी मेंदी, शनिवारी हळद, रविवारी लग्न. नवरीचे कोपरापर्यंत भरलेले हात आणि पाय, शिवाय चाळीस पाहुण्या, प्रत्येकीचे दीडशे रुपये. ताईने चोवीस कोन केले आणि बरोबर मदतनीस मुलगी घेतली. तिला पाहुणीमागे पन्नास रुपये मिळणार होते.

काय घडलं

पाहुण्या आल्या त्रेसष्ट. लग्नघरात असं होतंच. सव्वानऊला कोन संपले तेव्हा एकोणीस जणी रांगेत होत्या आणि नवरीचा डावा पाय अर्धा राहिला होता. त्यासाठी शेवटचे दोन कोन बाजूला काढावे लागले.

मदतनीस मुलीच्या पर्समध्ये बारा कोनांचा एक खोका होता. बाजारातून स्वतःच्या पैशाने आणलेला, छोट्या घरगुती कामांसाठी. वर मोराचं चित्र, ‘5 मिनिटांत काळीभोर’ असा दावा आणि किंमत. घटकांची यादी कुठेच नाही. तिने तो खोका वर करून ताईकडे पाहिलं. ताई नवरीच्या घोट्याशी वाकून बसली होती. तिने मान वर केली, खोका बघितला आणि म्हणाली, “आटप लवकर.”

प्रकरणाचा पहिला निर्णय हा. दोन शब्दांत झाला, आणि तो आपण घेतला हे ताईला स्वतःलाही तेव्हा जाणवलं नव्हतं.

त्या एकोणीस जणींत नवरीची मावशी होती. पंचेचाळिशीची, गेली सात-आठ वर्षं घरीच केस काळे करणारी. तिने तळहाताबरोबर हाताच्या मागच्या बाजूलाही वेल काढून घेतली. रविवारी सकाळी, लग्नाच्या गडबडीत, हात खाजायला लागला. बांगड्या मनगटाशी घासत होत्या, त्यामुळे असेल असं तिला वाटलं. संध्याकाळपर्यंत वेलीच्या रेषा फुगून वर आल्या. सोमवारी त्या रेषांवर पाण्याचे फोड होते. मी फोटो पाहिला आहे. पानं, देठ, कोयरी, सगळी नक्षी जशीच्या तशी, फक्त मेंदीऐवजी फोडांनी काढलेली. तळहाताची कातडी जाड असते, तिथे फारसं काही नव्हतं.

मावशीने रविवारी रात्रीच ताईला फोन केला. ताई म्हणाली, “काकू, तुमची स्किन सेन्सिटिव्ह असेल. निलगिरी तेलाने होतं कधीकधी. खोबरेल लावा, बसेल.”

मंगळवारी मावशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली आणि मेंदीची ॲलर्जी झाली म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: “साधी मेंदी की काळी?” मावशीला सांगता येईना. तिने दवाखान्यातूनच ताईला फोन लावला आणि ताईने खरं सांगितलं.

मुळात त्रास कशाचा

हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा कळणार नाही.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, वाळलेल्या पानात साधारण एक-दोन टक्के. ते कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं. चिकटल्यावर रंग आधी गाजरासारखा केशरी दिसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत हवेने गडद होत तपकिरीवर येतो. पानाचा रंग काळा होत नाही आणि पाच मिनिटांत चढत नाही. मेंदी रात्रभर ठेवायची, लिंबू-साखरेचं पाणी टिपायचं, तव्यावर लवंगा टाकून धुरी घ्यायची, सकाळी पाणी न लावता खरवडायची, ही जी आजीपासून चालत आलेली खटपट आहे ती लॉसोनला वेळ आणि ऊब देण्यासाठी आहे.

काळा रंग झटकन हवा असेल तर दुसरं काहीतरी घालावंच लागतं. सगळ्यात धोक्याचं म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिन, थोडक्यात पीपीडी. केस काळे करायच्या बऱ्याच डायमध्ये हेच असतं. युरोपात केसांच्या डायमध्ये, डोक्यावर लावायच्या मिश्रणात, त्याची मर्यादा दोन टक्के आहे आणि अंगावर नक्षी काढायला ते चालत नाही. अमेरिकेत तर अन्न व औषध प्रशासनाने साध्या मेंदीलाही फक्त केसांच्या रंगासाठी मान्यता दिली आहे. तिथल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने 2006 साली पीपीडीला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ जाहीर केलं होतं. आपल्याकडच्या डायच्या पाकिटावरही आधी थोड्या जागी लावून बघा, भुवया-पापण्यांना लावू नका, अशी सूचना असते. कोनावर तीच सूचना कोण छापतं?

ही ॲलर्जी उशिरा दिसते. शरीराची आधीच ओळख झालेली असेल तर एक ते तीन दिवसांत, पहिलीच वेळ असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनीही. कलाकाराला ती दिसत नाही याचं कारण हेच. आपण घरी गेलेलो असतो, आणि पाहुणी लग्नातल्या जेवणावर, बांगड्यांवर, उन्हावर खापर फोडते. मावशीला केस रंगवल्यावर कानामागे खाज यायची, हे तिला डॉक्टरांनी विचारल्यावर आठवलं. पुढे पॅच टेस्ट केली, म्हणजे कातडीवर थोडा पदार्थ चिकटवून ॲलर्जी बघायची तपासणी, ती पीपीडीला पॉझिटिव्ह आली. त्या खोक्यातला एकही कोन तपासणीसाठी उरला नव्हता.

ताईपुढचे पर्याय

रविवारी रात्रीच्या फोनवर ताईपुढे तीन वाटा होत्या.

पहिली, जी तिने धरली: दोष मावशीच्या कातडीवर टाकायचा. आमच्या धंद्यात हे वाक्य इतकं सरावाचं आहे की ते खोटं आहे असं बोलताना वाटतच नाही. त्याची किंमत मात्र मोजावी लागली. मावशीचे दोन दिवस गेले, तिने फोडांवर खोबरेल चोळलं, आणि डॉक्टरांकडे चुकीची माहिती घेऊन गेली. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नसता तर तिच्या कागदावर ‘मेंदीची ॲलर्जी’ लिहिलं गेलं असतं, तिने जन्मभर मेंदी टाळली असती आणि केसांचा डाय मात्र चालू ठेवला असता.

दुसरी: पैसे परत करून विषय मिटवायचा. ताईच्या नवऱ्याचा हाच सल्ला होता. लग्नाचा सीझन चालू होता, नाव खराब झालं तर जून कोरडा जाणार.

तिसरी: रविवारीच सांगायचं की कोन बाजारचा होता, त्यात काय होतं मला माहीत नाही, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा आणि खोक्याचा फोटो घेऊन जा.

ताईने मला मंगळवारी दुपारी फोन केला. रडत होती. तिला विचारायचं होतं की मदतनीस मुलीला काढून टाकू का. मी म्हटलं, “खोका तिने दाखवला होता ना गं तुला?” पलीकडे बराच वेळ शांतता होती.

काय केलं

मावशीचा दवाखान्याचा आणि औषधांचा खर्च ताईने उचलला. एकोणीस पाहुण्यांचे दोन हजार आठशे पन्नास रुपये नवरीच्या आईला परत केले. मुलीचे पन्नासाच्या हिशेबाचे पैसे कापले नाहीत. या तिन्ही गोष्टी तिने मला विचारायच्या आधीच ठरवल्या होत्या. माझ्या मते ती मूळची किती सरळ आहे ते त्यात दिसतं.

अवघड प्रश्न पुढचा होता. बाकीच्या अठरा जणींना सांगायचं का? त्यांची तक्रार नव्हती. नवरीची आई म्हणत होती, “आता कशाला? लग्न पार पडलं, लोक घाबरतील.” मी सांगण्याच्या बाजूने होते. पीपीडीने आज फोड आले नाहीत तरी शरीर त्याला ओळखून बसू शकतं. मग कधीतरी चाळिशीत पहिल्यांदा केस रंगवले की चेहरा, डोळे सुजून दवाखाना गाठावा लागतो. त्या बाईला मग वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लग्नातली मेंदी आठवणार नाही. पाहुण्यांमध्ये सात वर्षांची एक मुलगीही होती.

पण कुणाच्या हातावर कुठला कोन होता हे कसं ओळखायचं? ताईने वही ठेवली नव्हती. मदतनीस मुलीने उपाय सुचवला, आणि मला तो फार आवडला. शनिवारी सकाळी सगळ्या बायकांनी हात पुढे करून फोटो काढले होते. पानाची मेंदी सकाळी खरवडल्यावर केशरी असते. बाजारच्या कोनाची मात्र तेव्हाच काळपट दिसते. तिघींनी बसून नवरीच्या मोबाइलमधले फोटो मोठे करून पाहिले. केशरी तळवे एका बाजूला, काळपट दुसऱ्या बाजूला. सतरा जणी सापडल्या, मावशी धरून. दोघींचा पत्ता लागला नाही. बाकी सोळा जणींना ताईने स्वतः फोन केले. दोघींना हलकी खाज आली होती, त्यांनी ती उष्णतेवर ढकलली होती. त्या सात वर्षांच्या मुलीला काही झालं नव्हतं. तिच्या आईला सांगितलं की पुढे कधी केसांचा डाय लावायची वेळ आली तर आधी डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करून घ्या, आणि हे कुठेतरी लिहून ठेवा.

फोनवर चिडल्या दोघी. बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

कलाकारांची बैठक आणि शब्दांचा वाद

आमच्या शहरातल्या मेंदी काढणाऱ्या बायका वर्षातून एक-दोनदा भेटतात, दर ठरवायला आणि तारखा एकमेकींना द्यायला. त्या जूनमधली बैठक या एकाच विषयावर चार तास चालली. सव्वीस जणी होत्या. ताईने उभं राहून सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं वाद कोनावर होईल. तो झाला शब्दांवर.

सुरुवात एका ज्येष्ठ काकूंनी केली. त्यांच्या लहानपणी आषाढ-श्रावणात झाडाचा पाला पाट्यावर वाटायचा, त्यात काथ आणि चहाचं पाणी, मग तळहातावर सुपारीएवढा ठिपका आणि बोटांना टोप्या. “त्याला आम्ही मेंदी म्हणायचो. आता दुकानात ज्याला मेंदी म्हणतात त्यात पाला आहे का, एवढंच मला सांगा.” त्यांचा मुद्दा साधा होता आणि मला तो अजूनही सगळ्यात पक्का वाटतो. ‘काळी मेंदी’ हे नाव ऐकलं की लाल मेंदीचीच जरा गडद बहीण असावी असं वाटतं. घेणारी बाई मेंदी समजून हात पुढे करते. डाय म्हटलं असतं तर तिने हात मागे घेतला असता. शब्दामुळेच तिचा होकार चुकीच्या गोष्टीला मिळतो.

दुसरी बाजूही ऐकण्यासारखी होती. एका तरुण कलाकाराने सांगितलं की तिच्या वस्तीत हात काढायचे तीस रुपये मिळतात. पावडर, तेल, फ्रीजर, बर्फ हे सगळं त्यात बसत नाही. गिऱ्हाइकाला दोन तासांत काळं हवं असतं, नाही म्हटलं तर ती शेजारणीकडे जाते. “तुम्हाला नैसर्गिक परवडतं ताई, मला नाही,” ती म्हणाली. यावर कुणाकडे चांगलं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मग गाडी ताईच्या कार्डावर आली. ‘ऑरगॅनिक’: पावडर सेंद्रिय शेतीतली असल्याचं प्रमाणपत्र कुणाकडेच नव्हतं. घरी भिजवली म्हणजे ऑरगॅनिक, असा सगळ्यांचा समज. ‘केमिकल-फ्री’: लॉसोन हेही रसायनच, निलगिरीतही रसायनं. शिवाय पानाची मेंदी सगळ्यांना निर्धोक नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांना साधी मेंदी लावल्यावरही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. बारशाला तान्ह्या बाळाच्या तळव्यावर ठिपका काढायची हौस बऱ्याच घरांत असते, आणि आम्ही तो काढून देतो. ही माहिती बैठकीत निम्म्याहून जास्त जणींना नवी होती.

‘गॅरंटीड डार्क’ वर सगळ्यात जास्त आवाज चढला. मेंदी जितकी रंगेल तितका नवऱ्याचा, सासूचा जीव, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. नवरी सकाळी केशरी हात बघून रडवेली होते हे प्रत्येकीने पाहिलं आहे. रंग कातडीच्या जाडीवर, ऊब किती मिळाली यावर, पाणी कधी लागलं यावर ठरतो. त्याची हमी देणारी कलाकार एक तर निसर्गाची हमी देते किंवा डायची. माझं स्पष्ट मत आहे की त्या रात्री सव्वानऊला ताईच्या तोंडून जे दोन शब्द आले, त्याची तयारी या छापील ओळीने आधीच केली होती. एकदा ‘गडद’ विकायला काढलं की खोका उघडायला फार वेळ लागत नाही.

‘मेंदी’ की ‘मेहंदी’ यावरही वीस मिनिटं गेली. पाट्यांवर आता सर्रास मेहंदी लिहितात. मला मेंदीच प्रिय आहे, पण त्या दिवशीचा प्रश्न तो नव्हता.

‘इन्स्टंट मेंदी’ हे नाव तडजोड म्हणून पुढे आलं. काकूंनी ते हाणून पाडलं: मेंदी हा शब्द राहिला की फसवणूक राहिली. ‘पांढरी मेंदी’ तशीच. तो तर अंगावर चिकटणारा रंग, पानाशी त्याचा संबंध नाही.

काय ठरलं

मेंदी हा शब्द फक्त पानाच्या पावडरीच्या कोनालाच वापरायचा. बाकी कशालाही ‘रंग’ म्हणायचं, काळा रंग, पांढरा रंग. कार्डावर विशेषणांऐवजी घटक लिहायचे: मेंदी पावडर, लिंबू, साखर, अमुक तेल. सौंदर्यप्रसाधनांसाठी 2020 चे नियम आहेत, पाकिटावर घटक छापावे लागतात. म्हणून ज्या खोक्यावर यादी नाही तो आम्ही उघडायचा नाही. तान्ह्या बाळाला मेंदी नाही.

सव्वीसपैकी एकोणीस जणींनी सही केली. सात जणी उठून गेल्या, त्यात ती तीस रुपयेवाली होती. तिला आम्ही घालवलं असं मला वाटत राहिलं. पुढच्या महिन्यात चौघींनी मिळून पावडर आणि तेल एकगठ्ठा मागवायला सुरुवात केली आणि तिला त्याच भावात देऊ केलं. ती घेते, पण सही केलेली नाही. काळ्याचं गिऱ्हाईक आलं तर ती आता “हा डाय आहे, केस रंगवून खाज येते का?” एवढं विचारते. मला त्या सहीपेक्षा हे मोलाचं वाटतं.

ताईच्या जूनमधल्या दोन ऑर्डरी गेल्या. एक नंतर परत आली, मावशीच्याच ओळखीतून.

वेगळं काय करता आलं असतं

सव्वानऊला ताई रांगेतल्या एकोणीस जणींना सांगू शकत होती की घरचे कोन संपले. बाजारचा आहे, त्यात काय आहे माहीत नाही, लावायचा असेल त्यांनी बसा. माझा अंदाज आहे की दहा-बारा जणी तरीही बसल्या असत्या. मावशी बसली असती की नाही, सांगता येत नाही. पण कान खाजतात म्हणून ती एकदा थबकली असती. मेंदी एका हातावर साधी काढून कोन पुरवता आले असते. चाळीसच्या वर पाहुण्या असतील तर आधी कळवा, हे बुकिंगच्याच वेळी लिहून घेता आलं असतं. ताई आता घेते.

माझीही चूक यात आहे. ताई माझ्याकडे शिकली तेव्हा मी तिला कोयरी, जाळी, भरीव नक्षी शिकवली. पाहुणीला प्रश्न काय विचारायचे आणि तक्रारीचा फोन आला तर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कधी शिकवलं नाही. आता वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवते. मुली एकमेकींना फोन लावून सराव करतात. “कोनात काय होतं ते सांगते, लिहून घ्या,” हे वाक्य मोठ्याने म्हणायला सुरुवातीला सगळ्यांची जीभ अडखळते.

मदतनीस मुलगी ताईकडेच आहे. कोन तीच भरते आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून तारीख टाकते. गेल्या आठवड्यात तिने मला एक नवा कोन दाखवला. जागुआचा, दक्षिण अमेरिकेतल्या एका फळाच्या रसाचा, निळसर काळा रंग देणारा. फळ खरं, रंगही फळाचाच, तरी त्याचीही ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. विकणाऱ्याने वर छापलं होतं ‘नैसर्गिक काळी मेंदी’. मुलीने पेनाने ‘मेंदी’वर काट मारली होती आणि खाली ‘जागुआ’ लिहिलं होतं.